पावडरीची धास्ती, आणि बाटलीचं काय?

2025 च्या सुरुवातीला तुळजापूरचं एमडी ड्रग्ज प्रकरण बाहेर आलं आणि धाराशिव जिल्ह्यातल्या आईबापांच्या पोटात गोळा आला. देवीच्या गावात पावडर पोहोचली म्हटल्यावर कुणी पोराचं दप्तर चाचपलं असेल, कुणी मोबाइल तपासला असेल, कुणी त्याच्या मित्रांची चौकशी केली असेल. ती धास्ती रास्तच होती. पण ते दिवस लग्नसराईचेही होते. त्याच दिवसांत एखाद्या वरातीत, डीजेच्या गाडीमागे, अकरावीतलं पोरगं प्लास्टिकच्या ग्लासातलं काहीतरी घशाखाली ओतत होतं, आणि ते पाहणारे चार मोठे 'वय आहे, चालायचंच' म्हणून पुढे सरकत होते.

बहुतेकांची पहिली नशा पावडरीची नसते. ती तंबाखू-गुटख्याची असते, नाहीतर दारूची. दिल्लीच्या 'एम्स'नं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारू हीच भारतात सर्वाधिक घेतली जाणारी नशा निघाली. दारू घेणारे सुमारे 16 कोटी लोक, आणि त्यांत 10 ते 17 वयाची जवळपास 30 लाख मुलं. हा दुसरा आकडा वाचून आपण क्षणभर थबकतो आणि मग म्हणतो, 'आपल्या घरात तसलं काही नाही.'

इथंच गाडी अडते. आपल्याकडे दारूविषयी न बोलणारी घरं दोन प्रकारची. पहिलं माळकरी. गोरोबाकाकांच्या तेरला नेमानं जाणारं, एकादशी पाळणारं. तिथं दारू हा शब्दच उंबऱ्याच्या आत येत नाही. घरात कुणी घेत नाही, मग पोरापुढं विषय कशाला काढायचा? दुसरं घर पिणाऱ्याचं. तिथं दारू रोज संध्याकाळी असते, पण तिच्याविषयी बोलणं म्हणजे भांडणाला तोंड फोडणं. म्हणून आई गप्प, पोरं गप्प, आणि शुद्धीत असताना बापही गप्प. दोन्ही घरांतली मुलं मग दारूचं शिक्षण एकाच शाळेत घेतात: मित्र, ढाबा, रील्स आणि निवडणुकीच्या दिवसांतली जेवणावळ.

मुलाशी काय बोलायचं हे ठरवायला आधी शरीरात काय घडतं ते आईबापांना ठाऊक हवं. 'दारू वाईट असते' एवढ्यावर आजचं पोरगं गप्प बसत नाही, ते 'का?' विचारतं.

माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्यात सगळ्यात उशिरा पक्का होतो तो कपाळामागचा भाग, म्हणजे थांब, विचार कर, परिणाम काय होईल बघ, असं सांगणारा. मजा, धाडस, मित्रांची वाहवा यांच्यावर उसळणारा भाग मात्र वयात येतानाच जोरात असतो. म्हणजे बैल जोमात आणि कासरा अजून वळायचा बाकी, अशी ही वर्षं. दारू नेमकी त्या कासऱ्यावर घाव घालते. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट दिसली आहे. कोवळ्या वयात दारूनं गुंगी आणि झोप कमी येते, पण नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याची क्षमता जास्त बिघडते. म्हणजे 'मला चढतच नाही' म्हणून मिरवणारा पोरगा सुरक्षित नसतो. त्याच्या शरीरातली धोक्याची घंटा उशिरा वाजते, इतकंच.

वयाचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं. लवकर पिणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थिती, अनुवंश हेही त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे सगळा दोष एकट्या वयावर टाकता येत नाही. तरीही पहिला घोट जितका लांबेल तितकं बरं, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे.

आता आपल्या ओळखीचं माप घेऊ. एक क्वार्टर, म्हणजे 180 मिलिलिटर. व्हिस्की किंवा रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल धरलं तर क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकालात काढतं. लिंबू चोखा, काळा चहा प्या, थंड पाण्यानं आंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी पाच-सहापर्यंत रक्तात असते. आता पन्नास किलोचा पोरगा धरा. त्यानं ती भराभर संपवली तर रक्तातलं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या पाचपटीच्या आसपास जातं. गाडी चालवण्यासाठीची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. 'आम्ही दोघांत एक घेतली' असं म्हणणारे दोघंही मर्यादेच्या जवळपास तिप्पट असतात. आणि 'फक्त बियर' म्हणून हसण्यावारी नेली जाते ती आठ टक्क्यांची मोठी बाटली एकट्यानं संपवली, तर मामला चौपटीपर्यंत जातो. हे गणित पोराला कागदावर करून दाखवा. दहावी-बारावीच्या मुलाला उपदेशापेक्षा गणित लवकर पटतं, निदान त्यात खोट काढायला तो थोडा वेळ तरी बसतो.

हातभट्टीचं गणित तर मांडताच येत नाही. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्यामागं मिथेनॉल होतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते डोळ्याच्या नसेवरच हल्ला करतं. पिणाऱ्याला सुरुवातीला नेहमीसारखीच नशा वाटते. अंधूक दिसणं, पोटात कळा येणं हे बऱ्याचदा बारा-चोवीस तासांनी सुरू होतं. तोवर उपचाराचा मोलाचा वेळ गेलेला असतो.

काही शिकलेल्या घरांत अलीकडे वेगळाच विचार ऐकू येतो. बाहेर चोरून प्यायपेक्षा आपल्यासमोर थोडी चव घेऊ दे, म्हणजे कुतूहल संपेल. ऐकायला समंजस वाटतं. ऑस्ट्रेलियात 1,900 हून अधिक मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून हेच तपासलं गेलं आणि 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आईबापांनी दिलेल्या दारूचा संरक्षण म्हणून काहीही फायदा दिसला नाही. उलट अशा मुलांना पुढच्या काळात इतरांकडूनही दारू मिळण्याची शक्यता वाढली. घरातून परवाना मिळाला असाच त्याचा अर्थ मुलं घेतात. आपल्याकडचा कायदाही याबाबत कडक आहे. महाराष्ट्रात बियरसाठी 21 आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला, मग तो कुणीही असो, बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्नात भाच्याला कौतुकानं ग्लास पुढे करणाऱ्या मामांनी हे एकदा वाचावं.

मग बोलायचं कसं? समोर बसवून तासभर झापणं हा आपला आवडता मार्ग, आणि सगळ्यात निकामी. नेदरलँड्समध्ये किशोरवयीन मुलांच्या कुटुंबांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की सारखं-सारखं टोकण्यानं फरक पडत नाही. घरात स्पष्ट नियम असेल आणि तो सगळ्यांना ठाऊक असेल तर मात्र मुलं उशिरा सुरुवात करतात. नियम लांबलचक नको. 'आपल्या घरात शिकणारं पोर दारूला हात लावत नाही' एवढा पुरे. पण तो आईनं एक आणि बापानं दुसरा सांगून चालत नाही, आणि आजोबांनी मधूनच 'आमच्या वेळी शिंदी पेऊन कुणी मेलं नाही' म्हणून त्याला सुरुंग लावूनही चालत नाही.

बोलायला जागा निवडावी ती डोळ्याला डोळा भिडत नाही अशी. मोटारसायकलवरून कळंबला बाजाराला जाताना, शेतात पाण्याची पाळी देताना, आईसोबत शेंगा फोडताना. दहा वर्षांच्या मुलाला वाटेत पडलेला माणूस दिसला आणि त्यानं विचारलं, की तिथंच सांगावं: तो दारू प्यालाय, तिनं माणसाचा तोल जातो, ती शरीराला विष आहे, आणि तो माणूस वाईट नाही, आजारी आहे. तेवढं पुरे. चौदा-पंधराला मात्र प्रश्न आपण विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचं. 'तुमच्या वर्गात कुणी पेतंय का रं?' असं विचारलं आणि पोरानं खरं सांगितलं, तर लगेच 'त्याच्यासोबत राहायचं नाही' म्हणून तोडायचं नाही. तोडलंत तर पुढचं खरं कधीच कळणार नाही.

पोरांचा ठेवणीतला युक्तिवाद असतो: 'सगळेच पेतात.' याचं उत्तर आपल्याकडे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू घेणारे 13.9 टक्के निघाले. शंभरात चौदा. पाहणीत लोक हातचं राखून सांगतात हे मान्य करून आकडा दुप्पट केला, तरी शंभरातले सत्तरहून जास्त पुरुष न पिणारेच उरतात. पिणारे आवाज करतात म्हणून जास्त वाटतात.

नकार देण्याचीही तयारी करून घ्यावी लागते. मित्रांच्या घोळक्यात 'दारू पिणं वाईट' म्हणणारं पोरगं हसं होतं. त्याला चारचौघांत खपणारं वाक्य हवं. जिल्ह्यातली कितीतरी पोरं पोलीस नाहीतर सैन्यभरतीसाठी पहाटे मैदानावर पळतात. 'सकाळी सोळाशे मीटर मारायचंय' हे वाक्य ढाब्यावर बिनतोड चालतं. 'गाडी मलाच चालवायचीय' हेही चालतं. आणि काहीच सुचलं नाही तर सगळं बापावर ढकलायची मुभा त्याला द्या: 'आमचा म्हातारा वास घेतो, तंगडं मोडंल.' बापानं तेवढी बदनामी सोसायला हरकत नाही.

दुसरा एक करार घरात व्हायलाच हवा. कितीही वाजले असोत, तू प्यालेला असशील किंवा गाडी चालवणारा प्यालेला असेल, तर फोन करायचा. आम्ही न्यायला येऊ. त्या रात्री एकही प्रश्न नाही, जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. सोलापूरच्या किंवा लातूरच्या रस्त्यावर रात्री एका गाडीवर तिघं बसून येतात, तेव्हा दारूमुळे मरणारा नेहमी चालवणाराच नसतो, मागे बसलेला न प्यालेलाही असू शकतो. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडीची किल्ली देणाऱ्या पालकाला 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंडाची तरतूद आहे, हेही जाताजाता लक्षात असू द्या.

मुलींशी हा विषय कुणी काढत नाही. त्याच पाहणीत राज्यातल्या दारू घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 0.4 टक्के आहे, त्यामुळे गरज नाही असं वाटतं. पण मुलगी लातूर-पुण्याला शिकायला जाते. प्यालेल्या मुलाच्या गाडीवर बसायचं नाही, उघडा ठेवून गेलेला ग्लास परत तोंडाला लावायचा नाही, कोल्ड्रिंकची चव वेगळी लागली तर तिथंच सोडायचं, हे तिला घरातूनच कळायला हवं. शिवाय उद्या स्थळ येईल, तेव्हा 'मुलगा घेतो का?' हा प्रश्न तिनं स्वतः विचारला तर आईबापांनी तिच्याकडे डोळे वटारू नयेत.

आता सगळ्यात अवघड घर. बाप स्वतः पितो. त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं? पोरगं तर एका वाक्यात गार करतं: 'तुम्ही पण पेता की.' अशा वेळी बहुतेक बाप हात उगारतात किंवा 'मी कमावतो' म्हणतात, आणि दोन्हींनी विषय संपतो. खरं सांगणं जास्त कामाला येतं. 'पेतो. चूक हाय. तुझ्याएवढा होतो तवा लागली, आता सोडावं म्हणलं तरी सुटंना. म्हणूनच तुला सांगायलोय.' कबुली दिली म्हणून बापाचा मान जात नाही; पोराला सगळं आधीच माहीत असतं. आणि एक गोष्ट आजपासून बंद करता येईल: पोराच्या हातात पैसे देऊन 'जा, एक चपटी घेऊन ये' म्हणणं. चखण्याच्या ताटाजवळ त्याला बसवणंही त्यातच आलं.

आईची कोंडी वेगळी. 'बापासारखा होशील' हे तिच्या तोंडून रागानं निघतं, पण मुलाच्या मनात ते भाकीत म्हणून रुजतं. व्यसनात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, जवळपास निम्मा धरला जातो, हे खरं. पण त्याचा अर्थ एवढाच की या मुलानं इतरांपेक्षा जास्त सांभाळायचं. मधुमेह्याच्या मुलाला आपण गोड जपून खा म्हणतो, तसंच हे. अशा घरातल्या लहान मुलाला आणखी एक गोष्ट उघड सांगावी लागते: पप्पा पितात ते तुझ्यामुळे नाही, आणि त्यांना सोडवणं हे तुझं काम नाही. कमी मार्क पडले म्हणून बाप प्याला, असं मनात धरून वर्षानुवर्षं कुढणारी मुलं असतात.

बापानं सोडायचं ठरवलंच तर एक इशारा. आपल्याकडे देवीच्या पायरीवर शपथ घालतात, पंढरपूरला माळ घालतात आणि त्याच दिवसापासून थेंबही बंद. श्रद्धेचा आधार मोठा असतो, त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट येणं, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, ताप, बडबड असं होऊ शकतं. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावत बसतात. हा जीवघेणा प्रकार आहे आणि औषधांनी तो टाळता येतो. शपथ जरूर घ्यावी, पण डॉक्टरला सांगून. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे आणि कुटुंबाला सोबत घेऊनच त्यावर उपचार होतात हा विचार मराठी घरांत रुजला. तरी आजही उपचाराला जाणं म्हणजे अब्रू जाणं, असं मानणारे कमी नाहीत.

गावानं काय करायचं, हाही प्रश्न आहे. 1998 मध्ये आइसलँडमधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असत. 2016 पर्यंत हा आकडा पाच टक्क्यांवर आला. तिथं पालकांनी आपसांत लेखी करार केले, मुलांनी रात्री किती वाजता घरी यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि खेळ-संगीतासाठी सरकारनं पैसा ओतला. तो देश छोटा आणि श्रीमंत आहे, आपली बरोबरी होणार नाही. पण एका गल्लीतल्या पाच बापांनी 'आपल्या पोरांना वरातीत कुणी पाजायची नाही' असं ठरवायला पैसा लागत नाही. आणि गावातलं दुकानच नको असेल तर बायकांच्या हातात 'आडवी बाटली' आहेच: एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली की दुकान बंद करावं लागतं.

एवढं सगळं करूनही एखाद्या रात्री पोरगं झिंगून दारात उभं राहू शकतं. त्या वेळी मारायचं नाही, ओरडायचं नाही, उलटी काढायची नाही, ताक किंवा लिंबूपाणी जबरदस्तीनं घशात घालायचं नाही. कुशीवर झोपवायचं, म्हणजे उलटी झाली तर श्वासात अडकणार नाही, आणि कुणीतरी जागं राहायचं. हलवूनही जागं होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा अडखळत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर पडले असतील, फिट आली असेल, तर 108 ला फोन. 'पोलीस केस होईल' म्हणून थांबू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी, पोटात दोन घास गेल्यावर, बोलायला बसायचं: कुणाबरोबर होतास, किती घेतलीस, नको म्हणायला काय अडलं. एकदाच झालं असेल तर नियम पुन्हा सांगायचा आणि ठरलेली शिक्षा, समजा महिनाभर गाडी बंद, पाळायची. पुन्हा-पुन्हा होत असेल, पैसे गायब होत असतील, अभ्यास सुटला असेल, तर सरकारी दवाखान्यातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं. फोनवर मराठीत बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा 14416, दोन्ही मोफत. दाराच्या आतल्या बाजूला जिथं दुधाचा हिशेब लिहिता, तिथंच हे दोन नंबर लिहून ठेवा. आईला दिसतील, बापाला दिसतील, आणि पोरालाही.